डेटाबेस : संकल्पना, उपयोजन व मर्यादा – सातबाऱ्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
डेटाबेस म्हणजे माहितीचा साठा, अशी सर्वसाधारण समजूत आढळते. ती अपुरी आहे. कपाटातील फायली हाही साठाच होय. डेटाबेसचे वैशिष्ट्य साठवणुकीत नसून नोंदींच्या परस्परसंबंधात आहे. १९७० मध्ये एडगर कॉड यांनी मांडलेल्या संबंधाधिष्ठित प्रतिमानानुसार माहिती तक्त्यांत ठेवली जाते, प्रत्येक नोंदीला स्वतंत्र ओळख दिली जाते आणि त्या ओळखीच्या आधारे तक्ते एकमेकांशी जोडले जातात. बँका, रेल्वे आरक्षण व ग्रंथालये यांचे कामकाज आज मुख्यतः याच तत्त्वावर चालते.

सातबाऱ्याची रचना :
हे तत्त्व महाराष्ट्राला सर्वस्वी नवे नाही. गाव नमुना सात हा अधिकार अभिलेख, बारा ही पिकांची नोंदवही, सहा ही फेरफार नोंदवही, तर आठ-अ हा खातेदाराच्या जमिनींचा उतारा. गट क्रमांक, खाते क्रमांक व फेरफार क्रमांक हे या नमुन्यांना जोडणारे दुवे होत. संगणक येण्यापूर्वीच तलाठ्याच्या दप्तरात परस्परसंबद्ध तक्त्यांची व्यवस्था होती. शिवाय हस्तलिखित उताऱ्यावर जुन्या खातेदाराचे नाव पुसले जात नसे. त्याला कंस केला जाई. बदलाबरोबर बदलाचा इतिहासही टिकत असे.

सुसंगती आणि सत्यता :
संगणकीकरणामुळे उतारा सुलभ झाला. २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबाराही मिळू लागला. मात्र येथे एक मूलभूत भेद लक्षात घेणे आवश्यक ठरते. खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज गटाच्या एकूण क्षेत्राशी जुळते की नाही, हे डेटाबेस तपासू शकतो. परंतु वारसनोंदीच्या वेळी बहिणीचे नाव सांगितलेच गेले नसेल, तर भावांच्या नावांवर बेरीज बिनचूक जुळते आणि उतारा निर्दोष दिसतो. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलीला सहदायक म्हणून जन्मतः हक्क मिळाला. परंतु जे नाव नोंदलेच गेले नाही, ते कोणत्याही शोधात सापडत नाही. डिजिटल स्वाक्षरी उतारा अधिकृत नोंदीबरहुकूम असल्याची ग्वाही देते, नोंद खरी असल्याची नव्हे.

या मर्यादेला कायदेशीर परिमाणही आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातील नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. साहजिकच पुराव्याचा भार वगळल्या गेलेल्या व्यक्तीवर पडतो. कलम १५५ मुख्यतः लेखनप्रमादाच्या दुरुस्तीसाठी आहे. नाकारलेला हक्क हा लेखनप्रमाद नव्हे.

निष्कर्ष :
डेटाबेस सुसंगतीची हमी देतो, सत्याची नाही. म्हणून त्याचे मूल्यमापन केवळ वेग व सुलभता या निकषांवर करणे उचित नाही. नोंद कोणी केली, कशाच्या आधारे केली आणि बाधित व्यक्तीला ती कशी बदलून घेता येते, हे प्रश्नही तितकेच महत्त्वाचे आहेत. महाविद्यालयीन अध्यापनात तक्ते जोडण्याचे तंत्र शिकविताना रिकाम्या राहिलेल्या ओळीची दखल घेण्याची दृष्टीही विद्यार्थ्यांना देणे अगत्याचे आहे.