आमवातावरील एक चाचणी व तिच्या निष्कर्षाची व्याप्ती

सांध्यांच्या वा त्वचेच्या दाहविकारांत रक्ताच्या गुठळ्यांचा प्रश्न निघाला की, टोफासिटिनिबच्या सुरक्षिततेविषयीची जी चाचणी जानेवारी २०२२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाली, तिचा दाखला दिला जातो. एखाद्या निबंधास असा मान मिळाला म्हणजे तो उद्धृत अधिक होतो व वाचला कमी जातो. याचेही तसेच झाले आहे.

चाचणीत आमवाताचे ४,३६२ रुग्ण होते. सर्वांचे वय ५० वा त्याहून अधिक, आणि प्रत्येकाच्या ठायी धूम्रपान, रक्तदाब, मधुमेह यांसारखे हृद्रोगास पोषक असे निदान एक कारण. दोन गटांस टोफासिटिनिब दिवसातून दोनदा, एकास ५ व दुसऱ्यास १० मिलिग्रॅम; तिसऱ्यास टीएनएफ या दाहकारक द्रव्यास अडविणारे इंजेक्शन. १० मिलिग्रॅमच्या गटात फुफ्फुसाच्या धमनीत गुठळी अडकण्याचे प्रमाण तिसऱ्या गटाच्या सुमारे आठपट आढळले, आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये ती मात्रा निम्मी करावी लागली. आकडा भयप्रद खरा. परंतु त्याची विश्वासमर्यादा अडीचपासून सत्तावीसपर्यंत पसरलेली आहे, म्हणजे मूळ घटना थोड्याच होत्या. धोका आहे, एवढे त्यावरून सिद्ध होते. तो नेमका किती, हे होत नाही.

याहून बिकट प्रश्न तुलनेचा आहे. औषधावाचून ठेवलेला गट येथे नाही, आणि तसा गट चार वर्षे ठेवणे रुग्णांवर अन्यायाचेच झाले असते. पण आमवात स्वतःच गुठळीस निमंत्रण देतो. दाहात इंटरल्यूकिन-६ मुळे यकृतातील फायब्रिनोजेनची निर्मिती वाढते. टीएनएफमुळे रक्तवाहिनीच्या अस्तरावर रक्तगोठण सुरू करणारा घटक प्रकट होतो. तेव्हा इंजेक्शनाने धोका उतरविला व टोफासिटिनिबने तितका उतरविला नाही, की टोफासिटिनिबने तो नव्याने चढविला, याचा निवाडा या मांडणीतून होऊ शकत नाही. मात्रेबरोबर धोका वाढला, ही गोष्ट दुसऱ्या पक्षास अनुकूल आहे. उलट, हेच औषध इंटरल्यूकिन-६ चा संदेशही मंदावते. त्या हिशेबाने गुठळ्या कमी व्हावयास हव्या होत्या. विर्खोच्या नावाने चालणारी त्रिसूत्री, म्हणजे प्रवाहाचे मांद्य, वाहिनीच्या भिंतीस इजा व रक्ताच्या गुणधर्मांतील बदल, येथे केवळ वर्गीकरण पुरविते.

सप्टेंबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने हाच इशारा बॅरिसिटिनिब व उपाडासिटिनिब या सजातीय औषधांना लावला. ॲटॉपिक इसबासाठी जानेवारी २०२२ मध्ये संमत झालेले ॲब्रोसिटिनिब तो घेऊनच आले. सावधगिरी म्हणून हे समर्थनीय आहे. मात्र इसबाने रात्ररात्र जागणारा, कोणतेही व्यसन नसलेला वीस-बावीस वर्षांचा रुग्ण त्या ४,३६२ मध्ये नव्हता. त्याला आठपटीचा आकडा सांगून औषध नाकारणे, हा चाचणीचा आधार नव्हे, तिचा दुरुपयोग होय. युरोपीय औषध संस्थेच्या समितीने ऑक्टोबर २०२२ मध्ये पासष्टीपुढील व्यक्ती, धूम्रपान करणारे आणि हृद्रोग वा कर्करोगाचा धोका असणारे यांना अन्य योग्य उपाय नसेल तरच ही औषधे द्यावीत, असे सुचविले. त्यात अधिक विवेक दिसतो. उलटपक्षी, सोरायसिसजन्य संधिवाताचा साठीतला धूम्रपानी रुग्ण, ज्याच्या पायात पूर्वी एकदा गुठळी झाली आहे, त्याच्या विकाराचे नाव आमवात नसले तरी हा निबंध त्याच्याविषयीच बोलतो.