लोकप्रियता आणि वाङ्मयीन मूल्य : 'कोसला' व 'दुनियादारी' यांच्या संदर्भात

प्रस्तावना

मराठी कादंबरीच्या समीक्षेत 'लोकप्रिय' हे विशेषण क्वचितच निव्वळ वर्णनपर राहिले आहे. एखाद्या लेखकास 'लोकप्रिय लेखक' म्हटले की त्याच्या लेखनाचा विचार तेथेच संपला, असा एक अलिखित संकेत दीर्घकाळ रूढ आहे. उलटपक्षी, ज्या पुस्तकाची पहिली आवृत्ती संपण्यास वर्षे लागली, त्याच्या ठायी काही गंभीर आशय असलाच पाहिजे, असेही अनेकदा गृहीत धरले जाते. ही दोन्ही गृहीतके ग्रंथाच्या बाहेरून आलेली आहेत. एक वाचकांच्या संख्येकडे पाहते, तर दुसरे तिच्या अभावाकडे. संहितेकडे दोन्हीही पाहत नाहीत. व्यावसायिक यश आणि वाङ्मयीन मूल्य यांचा संबंध नेमका कोणता, आणि लोकप्रिय कादंबरीबाबत मराठी समीक्षेने पाळलेल्या मौनाचे परिणाम काय झाले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यासाठी पुण्याच्या महाविद्यालयीन जीवनावर आधारलेल्या दोन कादंबऱ्या, भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' (१९६३) आणि सुहास शिरवळकर यांची 'दुनियादारी' (१९८२), आधारभूत मानल्या आहेत.

वादाची पूर्वपीठिका

कादंबरीच्या रंजकतेविषयीचा प्रश्न मराठीत या वाङ्मयप्रकाराइतकाच जुना आहे. बाबा पदमनजी यांची 'यमुनापर्यटन' (१८५७), लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' (१८६१) आणि रा. भि. गुंजीकर यांची 'मोचनगड' (१८७१) या तीन कादंबऱ्यांच्या आधारे नेमाडे यांनीच पुढे मराठी कादंबरीच्या वास्तववादी, कल्पनारंजनात्मक आणि ऐतिहासिक अशा तीन प्रवृत्ती सांगितल्या, आणि त्यांपैकी पहिलीस श्रेष्ठ मानले. ही मांडणी महत्त्वाची आहे. परंतु तिचा पुढील वापर अनेकदा यांत्रिक झाला. प्रवृत्ती ओळखली की मूल्यनिर्णय झाला, असे समजण्यात येऊ लागले.

ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर यांच्या नावाने ओळखला जाणारा 'कलेसाठी कला' व 'जीवनासाठी कला' हा वाद सर्वपरिचित आहे. या वादात एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. दोन्ही पक्षांचे अध्वर्यू अत्यंत लोकप्रिय लेखक होते. फडके यांनी 'प्रतिभासाधन' (१९३१) या ग्रंथातून लेखनतंत्राची चर्चा केली व वाचकाचे कुतूहल टिकवून धरणे हे कादंबरीकाराचे कर्तव्य मानले. खांडेकरांनी ध्येयवादाचा पुरस्कार केला. तरीही त्यांच्या 'ययाति'स (१९५९) मोठा वाचकवर्ग लाभला, १९६० मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कारही त्यांना मिळाला. रणजित देसाई यांची 'स्वामी' (१९६२) व शिवाजी सावंत यांची 'मृत्युंजय' (१९६७) यांच्या वाट्यासही वाचकप्रियता व राष्ट्रीय स्तरावरील पुरस्कार असे दोन्ही आले. म्हणजे ज्यांना परस्परविरोधी मानले जाते ती यश व प्रतिष्ठा ही दोन मापे मराठीत वारंवार एकाच ग्रंथावर एकवटलेली दिसतात. या ग्रंथांचे वाङ्मयीन मूल्य वादग्रस्त राहिले, हेही तितकेच खरे. यावरून एवढेच सिद्ध होते की विक्री, पुरस्कार आणि मूल्य या तीन स्वतंत्र गोष्टी आहेत व एकीवरून दुसरीचे अनुमान करता येत नाही.

'यश' मोजावयाचे कसे?

मराठी संदर्भात व्यावसायिक यश ही संकल्पनाच पुरेशी स्पष्ट नाही. ग्रंथाच्या मुखपृष्ठामागील पानावर आवृत्तीचा क्रमांक असतो; प्रतींची संख्या बहुधा नसते. त्यामुळे दहावी आवृत्ती म्हणजे किती वाचक, याचे उत्तर त्या पानावरून मिळत नाही. दुसरी गोष्ट अशी की महाराष्ट्रात वाचन आणि खरेदी या क्रिया एकरूप कधीच नव्हत्या. गावोगावची सार्वजनिक ग्रंथालये आणि शहरांतील भाड्याने पुस्तके देणारी खाजगी वाचनालये यांतून एकच प्रत अनेक हातांत जात असे.

बाबूराव अर्नाळकर यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या या लेखकाचे झुंजार, काळापहाड, धनंजय हे नायक अनेक पिढ्यांच्या वाचनाचा भाग बनले. या छोटेखानी पुस्तकांनी नवसाक्षर, कामगार व शाळकरी मुले यांना मराठी मुद्रित गद्याची सवय लावली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरू नये. तथापि वाङ्मयेतिहासात अर्नाळकरांना मिळणारी जागा काही ओळींपलीकडे क्वचितच जाते. वाचनालयातील फाटलेली प्रत रद्दीत गेली आणि महाविद्यालयीन ग्रंथालयाने ती कधी विकत घेतलीच नाही. परिणामी या लेखनाचे साधनसाहित्यच विखुरले. मूल्य नाही म्हणून जतन नाही, आणि जतन नाही म्हणून मूल्याची तपासणी नाही, असे हे दुष्टचक्र आहे.

दोन कादंबऱ्या, एक परिसर

'कोसला' आणि 'दुनियादारी' यांची तुलना सहसा केली जात नाही. एक अभ्यासक्रमात असते, दुसरी विद्यार्थ्यांच्या पिशवीत. वस्तुतः दोहोंचा अनुभवविषय बराचसा समान आहे. घरापासून दुरावलेला तरुण, पुण्यातील महाविद्यालय, मित्रांचे टोळके, वाया जाणारा काळ आणि त्या काळाचा हिशेब मागणारे जग हे दोन्हीकडे आहे. फरक आहे तो या अनुभवाकडे पाहण्याच्या रीतीत.

'कोसला'तील पांडुरंग सांगवीकर स्वतःची कथा स्वतः सांगतो. 'उदाहरणार्थ', 'वगैरे' यांसारख्या शब्दांच्या पुनरावृत्तीतून त्याची भाषा सतत स्वतःच्याच गांभीर्यास चिमटा काढते. वसतिगृहातील दिवस इतिहासग्रंथाच्या थाटात सांगणे, मध्येच रोजनिशीचा आश्रय घेणे या रचनेच्या युक्त्या केवळ नावीन्यासाठी येत नाहीत. अनुभव सांगण्याची प्रस्थापित साधने अपुरी पडत असल्याची जाणीव त्यांतून होते. मनी या धाकट्या बहिणीच्या मृत्यूचा भाग याचे उत्तम उदाहरण होय. तेथे शोक संतापातून आणि विक्षिप्त वाटणाऱ्या तर्कांतून व्यक्त होतो, आणि वाचकास सांत्वनाची कोणतीही तयार जागा दिली जात नाही.

'दुनियादारी'चे सामर्थ्य निराळे आहे. रहस्यकथाकार म्हणून दारा बुलंद, अमर विश्वास यांसारखे नायक निर्माण करणाऱ्या शिरवळकरांना संवादाची अचूक जाण होती. दिग्या आणि त्याच्या कट्ट्यावरील मित्रांचे बोलणे, परस्परांस दिलेली नावे, मैत्रीतील अलिखित कायदा आणि त्या कायद्यामागची भीती यांचे चित्रण मराठीत याआधी इतक्या मोकळेपणाने क्वचितच झाले होते. कट्टा ही येथे केवळ बसण्याची जागा नाही. कुटुंब व महाविद्यालय या दोन्ही संस्थांनी जे नाकारले ते देणारी ती तिसरी संस्था आहे. ही लेखकाची खरी सामाजिक दृष्टी होय आणि समीक्षेने तिची नोंद घ्यावयास हवी होती.

मर्यादा कोठे जाणवते? कादंबरीस विचाराची गरज भासते तेव्हा ती एम. के. श्रोत्री या पात्राकडे वळते. मद्यालयात बसून तो जीवनाविषयी जे बोलतो ते बहुधा सुभाषितासारखे घडीव असते. श्रेयसने स्वतःच्या अनुभवातून जे कमवावयाचे, ते त्यास, आणि त्याच्याबरोबर वाचकासही, आयते मिळते. शिवाय निवेदन नायकांच्या भावनांशी इतके एकरूप होते की त्यांच्या आत्मकरुणेची तपासणी करणारी कोणतीही जागा संहितेत उरत नाही. पांडुरंग स्वतःवर हसतो; श्रेयसला त्याची कादंबरी तसे हसू देत नाही. भावनेची तीव्रता हे येथे न्यून नाही. त्या तीव्रतेस प्रतिप्रश्न नसणे, हे न्यून आहे.

हाच निकष 'कोसला'स लावल्यास तिच्याही मर्यादा दिसतात. 'दुनियादारी'तील शिरीन व मिनू या मुख्यतः श्रेयसच्या संदर्भात वावरतात, ही तक्रार योग्य आहे. परंतु 'कोसला'तील स्त्रियांचे विश्वही, मनीचा भाग वगळता, अपुरेच राहते. लोकप्रिय कादंबरीस एक प्रश्न आणि प्रतिष्ठित कादंबरीस दुसरा, अशी वाटणी केल्यास हे साम्य कधीच दृष्टीस पडणार नाही.

समीक्षेच्या मौनाचे परिणाम

'दुनियादारी' प्रसिद्ध झाली त्याच वर्षी, १९८२ मध्ये, 'सत्यकथा' मासिक बंद पडले. नवसाहित्याची अभिरुची घडविणारे व्यासपीठ नाहीसे होत असताना तरुण वाचक शिरवळकर, नारायण धारप, व. पु. काळे यांच्या पुस्तकांकडे वळलेला होता. दोन्ही बाजूंत संवादाचा पूल मात्र बांधला गेला नाही. शिरवळकर २००३ मध्ये निवर्तले. २०१३ मध्ये 'दुनियादारी'वरील चित्रपटास मोठे यश मिळाले आणि २०२० मध्ये त्यांच्या 'समांतर' कादंबरीवर वेबमालिका आली. म्हणजे मूळ लेखनास ज्या गंभीर वाचनाची अपेक्षा होती, ते होण्यापूर्वीच त्याचे दृश्य रूपांतर नव्या पिढीपर्यंत पोहोचले. आजचा विद्यार्थी अनेकदा चित्रपटालाच कादंबरी समजून बोलतो, आणि त्यास दोहोंतील फरक दाखवू शकेल अशी समीक्षा फारशी उपलब्ध नाही.

याहून गंभीर हानी अध्यापनाच्या क्षेत्रात झाली आहे. विद्यार्थी जे स्वेच्छेने वाचतो त्याचा उल्लेख वर्गात निषिद्ध ठरला की साहित्य हा केवळ परीक्षेचा विषय उरतो. आपल्या आवडीची कारणे शोधण्याची आणि त्या आवडीवर प्रश्न विचारण्याची सवय त्यास लागत नाही. अशा विद्यार्थ्याच्या लेखी 'कोसला' थोर असते कारण तसे सांगितलेले असते, आणि 'दुनियादारी' आवडते परंतु का ते सांगता येत नाही. दोन्ही ठिकाणी वाचन अपुरे राहते.

अलीकडे लोकप्रिय साहित्याचा समाजशास्त्रीय अंगाने अभ्यास होऊ लागला आहे, ही स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु लोक हे का वाचतात, एवढ्यावर तो थांबल्यास जुनाच भेद नव्या परिभाषेत कायम राहतो. प्रतिष्ठित ग्रंथाची समीक्षा व्हावी आणि लोकप्रिय ग्रंथाची केवळ पाहणी व्हावी, ही विभागणी न्याय्य नाही. भाषा, व्यक्तिचित्रण, रचना आणि अनुभवाचा सच्चेपणा यांविषयीचे प्रश्न दोहोंस समान कठोरपणे विचारले गेले पाहिजेत.

समारोप

व्यावसायिक यश हे वाङ्मयीन मूल्याचे प्रमाण नव्हे, तसेच ते मूल्याच्या अभावाचेही प्रमाण नव्हे. 'कोसला' आणि 'दुनियादारी' समान दर्जाच्या कादंबऱ्या आहेत असा निष्कर्ष उपरोक्त विवेचनातून निघत नाही. 'कोसला'चे श्रेष्ठत्व तुलनेनंतर अधिकच स्पष्ट होते. मात्र ते आता संहितेच्या आधारे सिद्ध होते, प्रतिष्ठेच्या आधारे नव्हे. आणि 'दुनियादारी'तील कट्ट्याचे सामाजिक आकलन ही एक खरी वाङ्मयीन कमाई होती, हेही त्याच तुलनेतून हाती लागते. महाविद्यालयीन ग्रंथालयांनी लोकप्रिय पुस्तकांच्या जुन्या आवृत्त्या जतन करणे आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमात अशा एका तरी कादंबरीचे मान्यताप्राप्त कादंबरीसह वाचन ठेवणे, हे दोन उपाय तूर्त सहज शक्य आहेत. असे वाचन झाल्यावर 'लोकप्रिय' हे विशेषण निर्णय म्हणून उरणार नाही. ते निव्वळ वर्णन ठरेल आणि खरी समीक्षा त्यानंतर सुरू होईल.