नाव बदललं, ओळ तीच

डेटाबेसला मी विचारलं, ज्या जिल्ह्याचं नाव 'अहिल्यानगर' आहे तो दे. त्यानं दिला. हाती आलेल्या ऑब्जेक्टला विचारलं, तुझं नाव काय? ते म्हणालं, 'अहमदनगर'.

ऑक्टोबर २०२४मधली रात्र होती. जिल्ह्याच्या नव्या नावावर शिक्कामोर्तब नुकतंच झालं होतं, आणि सावेडीतल्या घरी बसून मी एका छोट्या पायथन प्रोग्रॅमच्या टेबलात ती दुरुस्ती करून बघत होतो. एका खिडकीत प्रोग्रॅम चालू होता आणि त्यानं जिल्ह्याची ओळ आधीच उचलून ठेवली होती. दुसऱ्या खिडकीतून मी थेट पोस्टग्रेसमध्ये शिरलो, त्याच ओळीतलं नाव बदललं, कमिट केलं. मग पहिल्या खिडकीत येऊन वरचा प्रश्न विचारला. लॉग उघडा होता, त्यामुळे क्वेरी खरोखरच गेली हे दिसत होतं. एक ओळ परत आली हेही दिसत होतं. नव्या नावानं शोधलं म्हणूनच ती सापडली होती. तरीही प्रोग्रॅमच्या हातात जे पडलं ते जुनंच नाव सांगत होतं.

तासभर मी लायब्ररीत बग शोधत बसलो. आता त्या उत्तरावर माझा जीव आहे. पायथनमधल्या एसक्यूएलअल्केमीचा सगळा स्वभाव त्या एका उत्तरात एकवटलेला आहे, आणि तो उलगडून दाखवावा असं मला मनापासून वाटतं.

ही लायब्ररी माइक बायर यांची, पहिली आवृत्ती २००६ची. डेटाबेसातल्या ओळी आणि पायथनमधले ऑब्जेक्ट यांची सांगड घालणं हे तिचं काम. या दोन जगांची जात वेगळी. टेबलातल्या ओळीला आपण कोण हे फक्त आपल्या कीवरून ठाऊक असतं. ऑब्जेक्टला मात्र मेमरीत स्वतःची जागा असते, एकाच ओळीचे दहा ऑब्जेक्ट सहज तयार होऊ शकतात, आणि दहा जणांनी दहा नावं सांगितली तर खरं कोणाचं मानायचं? मार्टिन फाउलर यांच्या २००२ सालच्या 'पॅटर्न्स ऑफ एंटरप्राइज ॲप्लिकेशन आर्किटेक्चर' या पुस्तकात यावरचा एक तोडगा 'आयडेंटिटी मॅप' या नावानं मांडलेला आहे: एका कामकाजात एका ओळीचा एकच ऑब्जेक्ट. असं एकेक कामकाज सांभाळणारं एसक्यूएलअल्केमीचं सेशन हे व्रत फार निष्ठेनं पाळतं. जँगो पाळत नाही. तिथं तीच ओळ दोनदा मागितली की दोन वेगळे ऑब्जेक्ट मिळतात. जँगोचा मार्ग सोपा आहे आणि बहुतेक वेळा पुरतोही, पण माझं मन सेशनच्या बाजूचं.

आता त्या रात्रीचं उत्तर पुन्हा वाचू. क्वेरीतून ओळ आली तेव्हा सेशननं तिची फक्त की बघितली: ५२२. हा २०११च्या जनगणनेतला या जिल्ह्याचा संकेतांक, आणि मी तोच प्रायमरी की म्हणून वापरला होता. ५२२चा ऑब्जेक्ट आपल्याकडे आहे हे दिसताच सेशननं तोच पुढे केला आणि ओळीतून आलेलं नवं नाव बाजूला ठेवलं. का? कारण माझ्या प्रोग्रॅमचं ट्रान्झॅक्शन अजून चालू होतं. मी त्या ऑब्जेक्टवर काही हिशेब सुरू केला असेल, एखादा निर्णय अर्ध्यात असेल, आणि कामाच्या मध्येच हातातल्या वस्तूचं नाव कुणीतरी परस्पर बदलावं हे सेशनला मान्य नाही. पोस्टग्रेसची नेहमीची 'रीड कमिटेड' पातळी दुसऱ्यानं कमिट केलेला बदल दाखवते, म्हणून ओळ नव्या नावानं सापडली. मायएसक्यूएलची नेहमीची 'रिपीटेबल रीड' पातळी असती तर ती सापडलीच नसती. डेटाबेसानं जिथं दार किलकिलं ठेवलं तिथं सेशन आपल्यापुरतं ते लावून घेतं. ताजं नाव हवंच असेल तर 'रिफ्रेश' किंवा 'एक्स्पायर' म्हणावं लागतं. ते मागून मिळतं, आपोआप मिळत नाही.

यात जुन्या हिशेबनिसाची शिस्त आहे असं मला वाटतं. ज्या जिल्ह्यात १९५०च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तिथं गावोगावच्या सोसायट्यांमध्ये वहीला फार मान. कच्च्या वहीत दिवसभर नोंदी होतात, संध्याकाळी रोजमेळ जुळतो, मग त्या पक्क्या वहीत जातात. रोजमेळ जुळेपर्यंत सचिव उठत नाही, आणि मध्येच कुणी येऊन वहीतला आकडा खोडला तर तो खपवून घेत नाही.

सेशनमध्येही दोन पायऱ्या आहेत आणि नवशिक्याची पहिली ठेच तिथंच लागते. 'फ्लश' म्हणजे बदल डेटाबेसाकडे पोचवणं, 'कमिट' म्हणजे ते पक्के करणं. फ्लश झालेला बदल ज्याचं ट्रान्झॅक्शन त्यालाच दिसतो, बाकीच्यांना नाही. आमच्या जिल्ह्याचं नामांतर याच चालीनं झालं. ३१ मे २०२३ला अहिल्याबाईंच्या जन्मगावी, जामखेड तालुक्यातल्या चौंडीत, मुख्यमंत्र्यांनी घोषणा केली. तिथं सभेत बसलेल्यांसाठी नाव त्या दिवशीच बदललं. मंत्रिमंडळाचा निर्णय १३ मार्च २०२४चा. केंद्राची मान्यता येऊन प्रत्यक्ष अंमल झाला ऑक्टोबर २०२४मध्ये. मधल्या काळात कुणी जिल्ह्याचं नाव विचारलं तर दोन उत्तरं मिळत, आणि ज्याच्या त्याच्या ट्रान्झॅक्शनपुरती दोन्ही खरी होती.

फ्लशची एक खोड मात्र माणसाला फार छळते. कोणतीही क्वेरी पाठवण्याआधी सेशन साठलेले बदल आधी पोचवून घेतं, म्हणजे क्वेरीचं उत्तर तुमच्याच बदलांशी विसंगत येऊ नये. हेतू उत्तम. पण मग चूक एकीकडे आणि बोभाटा दुसरीकडे असं होतं. तुम्ही एक अर्धवट नोंद सेशनमध्ये टाकता, तिचा तालुका भरायचा राहून जातो, आणि दोन ओळींनंतर, नुसती यादी वाचायला गेल्यावर, एरर येतो. माणूस यादीची ओळ तपासत बसतो. त्या एररमध्ये 'हे ऑटोफ्लशमुळे झालं' असं स्पष्ट लिहिलेलं असतं, आणि फ्लश फार लवकर होत असेल तर 'नो ऑटोफ्लश'चा ब्लॉक वापर असा सल्लाही असतो. घाईत आपण फक्त शेवटचे चार शब्द वाचतो.

एररचा मजकूर पूर्ण वाचावा हे मला कळलं ते एका दूध संस्थेच्या सभासदांची यादी भरताना. कागदावरून टाइप केलेली ती यादी एकेक ओळ घेऊन सेशनमध्ये टाकायची आणि फ्लश करायची असा माझा लूप होता. एररनं थांबू नये म्हणून मी प्रत्येक एरर पकडून पुढे जायला सांगितलं होतं. कुठेतरी एक सभासद क्रमांक दोनदा आला. तिथून पुढच्या प्रत्येक ओळीला एकच उत्तर: आधीच्या फ्लशमध्ये अडचण आल्यानं ट्रान्झॅक्शन मागे घेतलं आहे, नवं सुरू करायचं तर आधी रोलबॅक कर. शेकडो वेळा तेच वाक्य. त्या वाक्याच्या शेपटीला मूळ एररही जोडलेला होता, दुबार क्रमांकासकट. मी तो बघितलाच नव्हता.

या अडून बसण्यात मला सेशनचा प्रामाणिकपणा दिसतो. ट्रान्झॅक्शन मागे गेलं म्हणजे दुबार क्रमांकाच्या आधी बिनचूक भरलेल्या ओळीही गेल्या. सेशननं गुपचूप नवं ट्रान्झॅक्शन सुरू केलं असतं, तर पुढची अर्धी यादी व्यवस्थित भरली असती आणि पहिली अर्धी नाहीशी झाल्याचं कुणाच्या लक्षात आलं नसतं, थेट दुधाच्या बिलाच्या दिवसापर्यंत. म्हणून ते अडून बसतं आणि 'रोलबॅक' हा शब्द तुमच्याच तोंडून काढून घेतं. तो उच्चारताना जे गेलं ते गेलं, हे तुम्ही कबूल केलेलं असतं. एकट्या ओळीची चूक एकट्या ओळीला भोगू द्यायची असेल तर तिच्यापुरता सेव्हपॉइंट घ्यायचा. एसक्यूएलअल्केमीत तो 'बिगिन नेस्टेड'. माझ्या लूपमध्ये मी तेवढाच फरक केला, आणि यादी एका दुबार क्रमांकाचा अपवाद सोडून पूर्ण भरली.

सेशनच्या लेखी ऑब्जेक्टच्या पाच अवस्था आहेत: ट्रान्झियंट, पेंडिंग, पर्सिस्टंट, डिलीटेड आणि डिटॅच्ड. सर्वांत हळवी शेवटची. सेशन बंद झालं, ऑब्जेक्ट मात्र हातात राहिलं. त्याला त्याचे तालुके विचारले की ते सांगतं, मी आता कुठल्याच सेशनला बांधलेलं नाही, आणता येणार नाहीत. कमिटनंतर लगेच सेशन मिटवलं असेल तर स्वतःचं नावही सांगता येत नाही, कारण कमिट होताच सेशन आपल्या ऑब्जेक्टमधली सगळी माहिती शिळी ठरवून टाकतं. पहिल्या प्रसंगातला हट्ट आणि हा विसर या एकाच नाण्याच्या दोन बाजू. ट्रान्झॅक्शन चालू असताना बाहेरचं काही ऐकायचं नाही, आणि ते संपलं की आपल्याला काही ठाऊक आहे असा दावाही करायचा नाही. त्या रात्री मी नुसतं कमिट केलं असतं तर पुढच्याच प्रश्नाला ऑब्जेक्टनं नवं नाव सांगितलं असतं. वेबच्या कामात एका विनंतीला एक सेशन, आणि पान पूर्ण तयार झाल्यावरच ते मिटवायचं, एवढं पाळलं की डिटॅच्डचा त्रास बहुतेक संपतो. दुसऱ्या टोकाला, सेशन मिटवायचंच राहिलं तर कनेक्शन अडकून पडतात. नेहमीच्या मांडणीत पाच आणि वर दहा, अशी पंधरा संपली की सोळावा अर्धा मिनिट ताटकळतो आणि एरर घेऊन परततो. तेव्हा कनेक्शनचा पूल मोठा करण्याआधी कोणतं दार उघडं राहिलं ते शोधावं.

एका गोष्टीत मात्र मी या लायब्ररीच्या बाजूनं बोलू शकत नाही. जिल्ह्याच्या ऑब्जेक्टला तालुके विचारले की चौदा मिळतात, अकोल्यापासून जामखेडपर्यंत. मग प्रत्येक तालुक्याला त्याची गावं विचारायची. लिहिताना इतकं सुरेख वाटतं, की त्या एका ठिपक्यामागे दर वेळी एक क्वेरी जाते हे जाणवतही नाही. चौदा तालुक्यांच्या चौदा. पुढे दीड हजारांहून जास्त गावांपैकी प्रत्येकाला काही विचारलं तर तितक्याच आणखी. माझ्या लॅपटॉपवर हे निभावलं, पण दूरच्या सर्व्हरवर पान उघडायला चहा होईल इतका वेळ. 'सिलेक्ट इन लोड' लावलं की तेच काम मोजक्याच क्वेरींत होतं, त्यामुळे दुरुस्ती अवघड नाही. माझी तक्रार गोडव्याबद्दल आहे: खर्चिक गोष्ट इतकी स्वस्त दिसता कामा नये. म्हणून नात्यांच्या व्याख्येत मी आता 'लेझी'ला 'रेझ' देतो. न सांगता क्वेरी पाठवायची वेळ आली तर एरर येतो, आणि मला विचार करावा लागतो.

त्या ऑक्टोबरातला शेवटचा प्रयोग सांगायचा राहिला. नामांतर चुकीच्या रीतीनं केलं तर काय होतं ते मला बघायचं होतं. तालुक्यांचं नातं मुद्दाम बाजूला ठेवलं, नुसतं जिल्ह्यांचं टेबल घेतलं. दोन प्रती केल्या. पहिल्या प्रतीत ओळीला आपोआप वाढणारा क्रमांक ही प्रायमरी की, आणि ५२२ हा नुसता युनिक संकेतांक. जुना 'अहमदनगर' डिलीट केला, 'अहिल्यानगर' नावाचा नवा ऑब्जेक्ट संकेतांक ५२२ देऊन टाकला, कमिट केलं. एरर आला, ५२२ आधीच आहे म्हणून. सेशन एका फ्लशमध्ये आधी नव्या ओळी घालतं आणि सर्वांत शेवटी जुन्या काढतं. मी कोडमध्ये आधी काय लिहिलं याला तिथं महत्त्व नाही. त्याच्या लेखी हे दोन वेगळे जिल्हे होते, एक यायचा आणि एक जायचा, आणि क्षणभर दोघांनाही ५२२ हवा होता. डिलीटनंतर मध्ये एक फ्लश घातला की हे सुटतं.

दुसऱ्या प्रतीत ५२२ हीच प्रायमरी की होती. तेच दोन हुकूम दिले, त्याच क्रमानं. जुना काढ, नवा घाल. लॉगमध्ये डिलीट नव्हतं, इन्सर्टही नव्हतं. एकच अपडेट होतं: जिल्ह्यांच्या टेबलात, जिथं क्रमांक ५२२, तिथं नाव अहिल्यानगर कर.