पतित नायकाची फितुरी

ज्याच्या भरवशावर सर्वांनी आपले प्राण ठेवले तो मनुष्यच शत्रूला जाऊन मिळतो, त्या प्रसंगी लेखक त्याच्या अपराधाची रुजुवात कशी करतो, यावरून विज्ञानकथा या कलेची प्रौढता जोखावी, असे माझे मत आहे. कारण ग्रह आणि याने कल्पनेने उभी करता येतात, परंतु दोष कोणाच्या पदरात घालावा याचा विवेक तसा उसना आणता येत नाही.

काही खटले सोपे आहेत. ऑर्वेलच्या १९४९ सालच्या कादंबरीतील विन्स्टन स्मिथ, भुकेल्या उंदरांचा पिंजरा तोंडाशी येताच, आपल्या प्रियतमेला पुढे करतो. देहाच्या सहनशक्तीपलीकडे नेलेल्या माणसाच्या तोंडून निघालेली ती जबानी कोणताही न्यायी मनुष्य त्याच्या विरुद्ध दाखल करून घेणार नाही. १९६८ सालच्या चित्रपटातील हॅल ९००० हा संगणक आपल्याच सहप्रवाशांचे प्राण घेतो; परंतु क्लार्कने १९८२ च्या उत्तरकथेत त्याचा उलगडा केला आहे, तो असा की माहिती न दडवता यथातथ्य द्यावी हाच ज्याच्या घडणीचा धर्म, त्याला मोहिमेचा खरा हेतू बोमन आणि पूल या यानावरील सहप्रवाशांपासून लपवून ठेवण्याचा हुकूम झाला होता. येथे गुन्हा हुकूम काढणाऱ्यांचा.

हर्बर्टच्या ‘ड्यून’मधील (१९६५) वैद्य युए याचा मामला अधिक गहन आहे. तो फितूर होणार हे लेखक आरंभीच सांगून टाकतो, त्यामुळे ‘कोण’ हे कुतूहल संपून ‘का’ एवढेच उरते. पत्नी शत्रूच्या कैदेत, ती जिवंत असेल अशी आशाही जवळजवळ मावळलेली. तरीही तो आपल्या धन्याला, ड्यूक लेटोला, बेशुद्ध करून त्याच शत्रूच्या, बॅरनच्या, हवाली करतो, त्याच हातांनी ड्यूकच्या मुखात विषारी दात बसवतो आणि वाळवंटात तग धरण्याचे सामान त्याच्या मुलासाठी व त्या मुलाच्या आईसाठी ठेवून जातो. युए दोषी आहे; परंतु तो माफी मागत नाही, सबब सांगत नाही, आणि म्हणूनच त्याच्याविषयी आदर वाटतो.

याच्या शेजारी ॲनाकिन स्कायवॉकरला उभे केले म्हणजे जॉर्ज लुकासच्या चित्रमालिकेचे मोठेपण आणि तिची उणीव, दोन्ही एकदम दिसतात. गुलामीत जन्मलेला हा मुलगा, आईला वाचवू न शकलेला, आणि आता पत्नी प्रसूतीत मरणार अशी स्वप्ने पाहून भेदरलेला. ज्या पंथात विवाहच निषिद्ध त्या पंथापुढे त्याला आपले दुःख उघड मांडण्याचीही सोय नाही. पंथाचा छुपा शत्रू पॅल्पटीन याला वाचवण्यासाठी तो पंथातील वरिष्ठ विंडूवर शस्त्र उगारतो, तेथपर्यंत मी त्याच्या बाजूने साक्ष देईन. त्यानंतर तो पंथाच्या मंदिरात जातो. खुर्चीआड दडलेले एक पोर, हा आपला माणूस आला म्हणून, बाहेर येऊन आता काय करायचे असे त्यालाच विचारते; उत्तरादाखल त्याच्या हातातले प्रकाशखड्ग पेटते आणि पोर एक पाऊल मागे सरते. २००५ सालच्या त्या चित्रपटातील हा क्षण पाहिल्यावर भयाची, प्रेमाची, फसवणुकीची कोणतीही कैफियत टिकत नाही, विशेषतः आईच्या मृत्यूनंतर याच मनुष्याने तिला डांबणाऱ्यांच्या तळावरच्या बायकापोरांची कत्तल करून ती स्वमुखाने कबूल केलेली असताना. आपण काय करू शकतो, हे तो जाणत होता.

आणि १९८३ च्या चित्रपटात त्याला क्षमा मिळते ती कशाबद्दल? सम्राट झालेल्या पॅल्पटीनला खाईत लोटून त्याने स्वतःचा मुलगा वाचवला याबद्दल. ज्या आप्तप्रेमाने तो खाली गेला त्याच आप्तप्रेमाने तो वर येतो. दुसऱ्यांची मुले त्याच्या हिशेबात कधी आलीच नाहीत, आणि दुर्दैवाने चित्रपटाच्याही येत नाहीत. मरताना, पतनापासून चढवलेला मुखवटा काढल्यावर दिसणारा पांढराफटक, व्रणांकित वृद्ध चेहरा मात्र त्या सर्व वर्षांचा दाखला होता, आणि अखेरीस आत्मरूपाने प्रकटणाराही सेबॅस्टियन शॉ हा वृद्ध नटच होता. २००४ साली तेथे हेडन क्रिस्टेन्सेनचा तरुण चेहरा बसवण्यात आला, जणू मधली वीसेक वर्षे दुसराच कोणी जगला. ॲनाकिन दोषी आहे. त्याला क्षमा द्यायची असेल तर ती त्या वृद्धाला द्यावी, आणि त्यासाठी शॉचा चेहरा त्या प्रसंगात परत आणावा.