तीन रकान्यांचा तक्ता आणि पनवेलची जमीन

पेटची तयारी करताना तुम्ही हा तक्ता पाठ केलाच असेल. भांडवलशाही, समाजवाद, मिश्र अर्थव्यवस्था. मालकी कोणाची, किंमत कोण ठरवतं वगैरे. परीक्षेला ठीक आहे, पण संशोधनाला तो पुरत नाही. का, ते पनवेलमध्येच बघा.

१९७० साली सिडको स्थापन झाली. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांची जमीन सरकारने संपादित करायला घेतली. भाव सरकारी, म्हणजे नियोजन. त्यातलेच अनेक भूखंड पुढे निविदा काढून बिल्डरांना दिले, म्हणजे बाजार. पण दिले भाडेपट्ट्याने, म्हणजे मालकी सिडकोकडेच. आता सांगा, रकाना कोणता?

'मिश्र' लिहून सुटका होत नाही. शेतकऱ्याची जमीन जाताना बाजार नव्हता, बिल्डरला मिळताना होता. मधला फरक कोणाचा? याच असंतोषातून दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली १९८४ चं जासई परिसरातलं आंदोलन झालं. गोळीबारात पाच जण गेले. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली. 'मिश्र' या शब्दात यातलं काहीच दिसत नाही.

म्हणून सिनॉप्सिस लिहिताना तक्त्यातले प्रश्न ठेवा, पण रकान्यांची नावं बाजूला करा. दोन देशांच्या लेबलांची तुलना करण्याआधी एकच व्यवहार घ्या आणि प्रत्येक टप्प्यावर विचारा: भाव कोणी ठरवला, आणि नाही म्हणायची सोय कोणाला होती?