हॅण्डेलचा ‘हालेलुया’ आणि हळवे कान

संगीताची समीक्षा करताना आपण स्वररचना पाहतो, ताल पाहतो, गायकांची तयारी पाहतो. ऐकणाऱ्याच्या कानाचा विचार मात्र क्वचितच होतो. सर्वांचे कान सारखेच आहेत, असे जणू आपण गृहीतच धरलेले असते. वस्तुस्थिती निराळी आहे. अनेक स्वमग्न मुलांना, इतरांना साधा वाटणारा आवाज अंगावर कोसळल्यासारखा वाटतो. वयोमानाने श्रवणशक्ती उणावलेल्या काही वृद्धांची अडचण दुहेरी असते. हळू बोललेले त्यांना ऐकू येत नाही आणि आवाज जरासा चढला की तो एकदम असह्य होतो. अर्धशिशीने त्रासलेल्यांची व्यथाही याच जातीची. अशी माणसे आपल्या धर्मग्रामांतही आहेत. म्हणून सणासुदीला आपले गायकवृंद हौसेने गातात त्या हॅण्डेलच्या ‘हालेलुया’चे परीक्षण आम्ही येथे याच एका बाजूने करू इच्छितो.

जॉर्ज फ्रीडरिक हॅण्डेलने ‘मसाया’ हा ऑरेटोरिओ १७४१ साली अवघ्या २४ दिवसांत लिहिला. १३ एप्रिल १७४२ रोजी डब्लिन येथे त्याचा पहिला प्रयोग झाला. ‘हालेलुया’ हे त्याच्या दुसऱ्या भागाचे अखेरचे वृंदगान. त्याचे शब्द प्रकटीकरणाच्या ग्रंथातून घेतलेले आहेत आणि ते गायला सुमारे चार मिनिटे लागतात.

गीताची तीव्रता म्हणजे केवळ आवाजाची मोठाई, अशी आपली समजूत असते. हळव्या कानाला आणखी चार गोष्टी जाचतात: आवाजाचा अवचितपणा, स्वराची उंची, एकाच वेळी चालणाऱ्या आवाजांची गर्दी आणि विसाव्याचा अभाव. या कसोट्या लावून पाहिले, तर ही रचना आपण समजतो त्यापेक्षा पुष्कळ दयाळू ठरते.

आरंभी फक्त तंतुवाद्ये वाजतात. त्यांतून ताल आणि स्वर दोन्ही सूचित होतात आणि मगच चारही आवाज एकत्र प्रवेश करतात. तुतारी आणि नगारा पहिल्याच स्वराला नसतात. पुढे सर्वजण एकाच स्वररेषेत गाऊ लागतात. तेथे आवाज भरदार असला तरी गुंतागुंत नाही, त्यामुळे कान गोंधळत नाही. मधला एक भाग बहुतेक गायकवृंद हलक्या आवाजात सुरू करतात. हा या गीतातला पहिला खरा विसावा.

कसोटीची जागा त्यानंतर येते. स्त्रियांचे आवाज एकच स्वर दीर्घकाळ धरून ठेवतात, खालून इतर आवाज जलद लयीत उत्तरे देतात आणि तो धरलेला स्वर पायरी-पायरीने वर चढत जातो. उंची, गर्दी आणि दीर्घता येथे एकत्र येतात. नगाऱ्याचा आघातही आहेच. संपूर्ण ‘मसाया’त नगारा वाजतो तो केवळ या वृंदगानात आणि अगदी शेवटी. हळव्या कानाच्या श्रोत्याला सर्वाधिक ताण येथे पडतो, असे आमचे मत आहे. तरीही हा चढ पायऱ्यांचा आहे. पुढची पायरी कोणती, हे एकदा ऐकलेल्याला कळते आणि अपेक्षित आवाज हा अनपेक्षित आवाजाइतका बोचत नाही.

अखेरीस जलद घोष एकाएकी थांबतो, क्षणभर पूर्ण शांतता पसरते आणि मग शेवटचा शब्द संथपणे उच्चारला जातो. या शांततेत काव्य आहे. तथापि ती ठाऊक नसलेल्या मुलाला तिच्यानंतरचा घोष दचकवू शकतो.

एवढे लक्षात घेतले, म्हणजे दोष रचनेचा किती आणि आपल्या सादरीकरणाचा किती, हे स्पष्ट होते. हॅण्डेलच्या हयातीतले प्रयोग आटोपशीर असत. १७५४ साली लंडनच्या फाउंडलिंग हॉस्पिटल या अनाथ मुलांच्या संस्थेत झालेल्या प्रयोगात वादक चाळिसाच्या आत होते आणि गायक त्याहूनही कमी. पुढे १७८४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत पाचशेहून अधिक कलावंतांनी हे संगीत सादर केले, तर १७८९ मध्ये मोझार्टने त्यात आणखी सुषिर वाद्यांची भर घातली. भव्यतेची ही हौस नंतर वाढतच गेली. आज आपण वीस-पंचवीस गायकांपुढे ध्वनिक्षेपक ठेवतो, कीबोर्डवरील तुतारीचा आवाज पूर्ण वाढवतो आणि हे सारे अशा वास्तूत करतो, जिथे टणक भिंती व गुळगुळीत फरशी प्रत्येक ध्वनी परत फेकतात. मग स्वर एकमेकांत मिसळून गलका होतो. हे गीत सुरू होताच उभे राहण्याची जुनी प्रथा आहे; बाके सरकल्याचा आवाज त्यात आणखी भर घालतो.

यावर उपाय म्हणून हे गीत गाळावे, असे आम्ही म्हणणार नाही. प्रायश्चित्तकाळात उपासनेतून ‘आलेलुया’ हा शब्द बाजूला ठेवला जातो आणि पुनरुत्थानाच्या जागरणविधीत तो परत येतो. त्या आनंदाला आवाज हवाच. परंतु गायकवृंदाने ध्वनिक्षेपक कमी करावा, शक्य तेथे बंदच ठेवावा. गीत केव्हा गायले जाणार, हे आधी जाहीर करावे. ध्वनिक्षेपकांपासून दूर, दाराजवळची दोन बाके अशा कुटुंबांसाठी राखावीत. पालकांनी ते गीत आधी काही दिवस घरी हलक्या आवाजात ऐकवावे आणि शेवटच्या शांततेची मुलाला ओळख करून द्यावी. कान झाकणारे मूल दिसले, तर शेजाऱ्यांनी त्याच्याकडे वळून पाहू नये. यातील एकाही उपायाला पैसा लागत नाही.

आमचा निष्कर्ष असा की, ‘हालेलुया’ ही तीव्र रचना आहे, पण क्रूर नाही. तिची तीव्रता मोजूनमापून चढवलेली आहे आणि तिच्यात विसाव्याच्या जागा आहेत. त्या जागा आपण आवाजाने बुजवून टाकतो. पुनरुत्थानाचा घोष ऐकून एखादी आई मुलाला घेऊन चर्चच्या बाहेर पडत असेल, तर त्या वर्षीचे गायन कितीही सुरेल झाले असले, तरी ते उणेच राहिले असे म्हणावे लागेल.