पाणी कोणाचे? अमिताव घोष यांच्या व्याख्यानांविषयी

जाहीर व्याख्यान ही गोष्ट आपणांस नवी नाही. १९३६ साली लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळासाठी बाबासाहेबांनी लिहिलेले अध्यक्षीय भाषण मंडळाने होऊ दिले नाही. ते त्यांनी स्वतः छापले, आणि न झालेले ते भाषण झालेल्या असंख्य भाषणांहून अधिक वाचले गेले. म्हणून एखाद्या विद्यापीठीय व्यासपीठावरून मानवाच्या भवितव्याविषयी कोणी बोलू लागला की आपला वाचक स्वाभाविकपणे एकच प्रश्न विचारतो : या मानवात आम्ही धरलेले आहोत काय?

अमिताव घोष यांनी २०१५ च्या शरद ऋतूत शिकागो विद्यापीठात दिलेली व्याख्याने पुढील वर्षी ‘द ग्रेट डिरेंजमेंट’ या नावाने ग्रंथरूप झाली. कथा, इतिहास आणि राजकारण असे त्याचे तीन भाग. हवामान बदलत आहे, समुद्र चढत आहे, आणि आजची गंभीर कादंबरी मात्र याकडे पाहावयास तयार नाही. असे विषय ती विज्ञानकथेच्या ओसरीवर बसविते, ही त्यांची मुख्य तक्रार होय. ग्रंथ प्रामाणिक आहे. इतिहासाच्या भागात साम्राज्यशाहीने आशियातील उद्योग कसे रोखून धरले याचे विवेचन आहे, आणि केवळ भांडवलशाहीला दोष देऊन मोकळे होणाऱ्यांना ते वाचण्याची गरज आहे.

ग्रंथातील सर्वांत प्रांजळ प्रसंग घरगुती आहे. कोलकात्याच्या कोणत्या भागांना पाण्याचा धोका आहे हे एका अहवालात वाचल्यावर आपल्या आईचे घरही त्यात येते, हे घोष यांच्या लक्षात आले. त्यांनी तिला दुसरीकडे राहावयास जाण्यास सुचविले. मुलाचे डोके ठिकाणावर नाही, अशा मुद्रेने तिने त्यांच्याकडे पाहिले. माणूस विवेकाने नव्हे, सवयीच्या ओढीने जगतो, असा बोध लेखक यातून घेतात. बोध खरा आहे. पण तो घर सोडता येणाऱ्या माणसाचा आहे. २६ जुलै २००५ च्या मुंबईतील पावसाचे घोष विस्ताराने वर्णन करतात. सांताक्रूझला त्या दिवशी ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच पावसात साकीनाक्याला दरड झोपड्यांवर कोसळली. त्या उतारावर राहणाऱ्यांना सवयीची ओढ होती असे कोण म्हणेल? गावातील जागा कोणाच्या वाट्याला येते, नाल्याकाठी कोण राहतो, हे आपल्याकडे भूगोलाच्या आधी जात ठरविते. घोष यांच्या विवेचनात जात ही अशी निर्णायक गोष्ट म्हणून कोठे उभी राहत नाही. साम्राज्य दिसते, वर्ग दिसतो. गावकूस दिसत नाही.

योगायोग असा की ही व्याख्याने चालू होती त्याच सुमारास, शेजारच्या मिशिगन राज्यात फ्लिंट नावाचे शहर विषारी पाणी पीत होते. तेथे बहुसंख्य वस्ती कृष्णवर्णीयांची. राज्याने नेमलेल्या आपत्कालीन व्यवस्थापकाच्या हाती शहराचा कारभार गेला होता. निवडून दिलेल्या प्रतिनिधींना अधिकार उरला नव्हता. खर्च वाचविण्यासाठी एप्रिल २०१४ मध्ये डेट्रॉइटचे पाणी बंद करून फ्लिंट नदीचे पाणी सुरू केले गेले. नळ गंजू नयेत म्हणून करावयाची प्रक्रिया केली नाही, आणि जुन्या नळांतील शिसे पाण्यात उतरले. त्याच वर्षी ऑक्टोबरात जनरल मोटर्सने आपल्या कारखान्यासाठी हे पाणी घेणे थांबविले, कारण त्याने यंत्राचे भाग गंजत होते. शहरातील मुलांना ते आणखी एक वर्ष प्यावे लागले. २०१७ मध्ये मिशिगनच्या नागरी हक्क आयोगाने या प्रकरणाच्या मुळाशी व्यवस्थेत मुरलेला वंशभेद आहे, असा निष्कर्ष काढला.

व्याख्यात्याने फ्लिंटचा उल्लेख केला नाही हा दोष मी मानीत नाही. तो त्यांचा विषय नव्हता. परंतु मताचा अधिकार आधी जातो व मग पाणी बिघडते, हा क्रम फ्लिंटने दाखविला, आणि हाच क्रम महाडच्या वाचकाला उलट बाजूने ठाऊक आहे. १९२३ चा बोले ठराव होता, महाड नगरपालिकेचा ठरावही होता. तरी २० मार्च १९२७ रोजी ओंजळभर पाणी प्यावे लागले तेव्हा तो ठराव कागदावरून तळ्यावर आला. पाठोपाठ हल्ला झाला, आणि पंचगव्याने तळे ‘शुद्ध’ करण्यात आले. न्यायालयात तळे खाजगी असल्याचा दावा मांडला गेला. उच्च न्यायालयाचा निकाल १९३७ साली लागला.

हे मनात ठेवून घोष यांचा शेवटचा भाग वाचावा. पोप फ्रान्सिस यांचे २०१५ चे परिपत्रक आणि पॅरिस करार यांची तुलना करून ते धार्मिक समुदायांकडून मोठी आशा बाळगतात, कारण राष्ट्रे जे करीत नाहीत ते लोकांना एकत्र आणण्याचे सामर्थ्य धर्मसंस्थांत आहे. हे मला अपुरे वाटते. एकत्र येण्याचे सामर्थ्य महाडच्या जमावातही होते. धर्म लोकांना जोडतो एवढे सांगून भागत नाही. कोणाला पाणवठ्यापासून दूर ठेवून जोडतो, हे विचारावे लागते. त्याच ओघात गांधीजींचे उद्योगीकरणाविषयीचे इशारे ते आदराने आठवतात. यंत्र नाकारणारा आदर्श कष्टकऱ्याला काय देतो याची बाबासाहेबांनी केलेली चिकित्सा मात्र त्यांच्या पानांत नाही. ज्याच्या पाठीवर ओझे आहे त्याला साधेपणाचा उपदेश करणे सोपे असते.

आणि कथेबद्दलची तक्रार? दया पवारांनी धरणावर राबणाऱ्या बाईचे गाणे लिहिले, त्याला किती वर्षे झाली! पाणी हा आपल्या साहित्यात कधी पार्श्वभूमीचा विषय नव्हताच. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी म्हातारा, रोगी व प्रेत पाहून सिद्धार्थ घर सोडतो ही परंपरागत कथा बाजूला ठेवली. त्यांच्या कथेत शाक्य आणि कोलिय रोहिणी नदीच्या पाण्यावरून भांडतात, शाक्यांचा संघ युद्धाचा ठराव करतो, आणि संघाचा सभासद असलेला अठ्ठावीस वर्षांचा सिद्धार्थ त्याला विरोध करतो. बहुमत विरुद्ध जाते. घराण्यावर बहिष्कार व जमिनीची जप्ती येऊ नये म्हणून तो देशत्याग पत्करतो. आधुनिक लेखक पाण्याला कथेच्या मध्यभागी आणीत नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी हे प्रकरण उघडावे. तेथे नदी आहे, मतदान आहे, आणि मत हरलेला एक नागरिक आहे.